कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली वीज वाचवायला एनएसएसची मुलं काय करू शकतात?

पोस्टर लावत बसू नका, कोणी वाचत नाही. एनएसएसच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास भरायचेच असतात, त्यातले थोडे लॅबला द्या. आधी लॅब असिस्टंटना विश्वासात घ्या, अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. मग प्रत्येक पीसीवर बसून १० मिनिटांनी स्क्रीन बंद, अर्ध्या तासाने स्लीप, एवढंच सेटिंग करा. स्क्रीनसेव्हर काढून टाका. त्यात मासे छान पोहतात, पण मॉनिटर वीज खातच राहतो. शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की एकाने फेरी मारून पीसी शटडाऊन करावेत. सर्व्हरला हात लावू नये! जुने मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नका. डेडस्टॉक रजिस्टरमधून (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) रीतसर कमी करून घ्या आणि नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरलाच द्या.