भाकरी मोडणारी बोटं : वाचकांचे प्रश्न

या वेळेस जी पत्रं आली त्यातली चार एकाच विषयावरची निघाली, लेकरांच्या हाताला मोबाईल सोडून दुसरं काय द्यायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज हेच.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मोबाईल लावल्याशिवाय एक घास खात नाही. यंदा नर्सरीत घातलंय तर मिस म्हणायल्यात याची ग्रिप लूज आहे, पेन्सिल मुठीत धरतो, घरी रोज रेघा गिरवून घ्या. पण दोन रेघा झाल्या की रडून पेन्सिल फेकतो. ऑनलाईन एक बिझी बोर्ड बघितला, चेन, कडी, कुलूप, बक्कल सगळं एकाच फळीवर, १८०० रुपये. घ्यावा का? – एक आई, सेलू

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती गिरवणी बंद करा, म्हणजे आजपासूनच. साडेतीन वर्षांच्या लेकरानं मुठीत पेन्सिल धरली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मनगटात आठ बारकी हाडं असतात आणि जन्मतः ती सगळी मऊ कूर्चेचीच असतात, कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तुमच्या मुलाच्या वयाला एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतील, शेवटचं हाड तर नऊ-दहा वर्षांच्या पुढं दिसायला लागतं. अशा कोवळ्या हाताकडून आपण एका ओळीत बसणारं अक्षर मागतो. मूल आधी मुठीनं धरतं, मग सगळी बोटं खाली करून धरतं, चारच्या आसपास अंगठा आणि दोन बोटं पेन्सिलवर येतात आणि पाच-सहाला जाऊन ती बोटं पेन्सिल नीट फिरवायला लागतात. तिसऱ्या वर्षी गोल काढता आला, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह काढता आलं, पाचच्या आसपास त्रिकोण, तर गाडी बरोबर चाललीय असं समजायचं. मिसला हे प्रेमानं सांगा, त्यांच्यावर पण पालकांचंच प्रेशर असतं की वही भरलेली दिसली पाहिजे.

आता मोबाईल आणि जेवण. मला तर यातच तुमच्या ग्रिपचं उत्तर दिसायलंय. लेकरू स्क्रीनकडं बघत तोंड उघडतं आणि तुम्ही घास भरवता, म्हणजे दिवसातनं दोन-तीन वेळा बोटांना जो व्यायाम आपोआप मिळाला असता तो गेला. ज्वारीची भाकरी एका हातानं मोडून बघा जरा लक्ष देऊन, अंगठा एकीकडं दाबतो, दोन बोटं दुसरीकडं, मनगट वळतं, मग तो तुकडा वरणात बुडवून चिमटीत धरून तोंडापर्यंत न सांडता न्यायचा. पेन्सिलला जी तीन बोटं लागतात तीच ही! त्याला त्याचं ताट वेगळं वाढा, आधी वरणात भाकरी कुस्करू द्या, सांडेल, अंगावर घेईल, घेऊ द्या. पहिले चार-पाच दिवस तो मोबाईलसाठी आकांत करेल आणि कमी खाईल, त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकच धरून राहायचं, आजोबांनी हळूच फोन दिला की परत पहिल्यापासून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर स्क्रीन नको, आणि जितका कमी तितका बरा.

बिझी बोर्ड वाईट नाही. पण आठ दिवसांत सगळ्या कड्या उघडून झाल्या की तो कोपऱ्यात पडतो, माझ्या बालवाडीत असंच झालं होतं. त्यापेक्षा घरातलीच खरी कडी, स्वतःच्या शर्टाचं बटण, दप्तराची चेन, बाटलीचं झाकण. खरी वस्तू उघडली की काहीतरी खरं घडतं, दार उघडतं, पाणी पिता येतं, म्हणून लेकरू कंटाळत नाही.

आणि आत्ता कापसाची वेचणी चालू आहे. कुणाकडून तरी पाच-सात बोंडं आणा. बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटाला टोचू न देता आतला कापूस ओढून काढायचा, मग त्यातली सरकी एक-एक वेगळी करायची, याच्यापेक्षा बारीक काम मला तरी कुठल्या डब्यातल्या खेळण्यात दिसलं नाही. सरकी काढली की आजीजवळ बसून वात वळायची, फुलवात जमणार नाही एवढ्यात, पण लांब वात मांडीवर नाहीतर पाटावर तळव्यानं वळता येते. पुढं हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला द्या, हरभऱ्याच्या ढाळ्याचे घाटे तोडायला द्या, हुरडा चोळताना त्याच्या तळहातावर पण चार दाणे ठेवा. फक्त शेजारी बसायचं. दाणे, सरकी, चिंचोके नाकात-कानात जायला वेळ लागत नाही, आणि अख्खे शेंगदाणे या वयाला खायला देऊच नका, श्वासनळीत अडकतात.

एक गोष्ट मात्र तपासा. बटण, झाकण, घास काहीच जमत नसेल, हात फार ढिले किंवा फार कडक वाटत असतील, किंवा आधी येत होतं ते आता येत नसेल, तर खेळण्यांवर वेळ घालवू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, अंगणवाडीत जे तपासणी पथक येतं ते त्याचंच, त्यांना दाखवा, गरज वाटली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढीत मागं पडणाऱ्या लेकरांवर लवकर उपचार करायचं केंद्र) पाठवतात.

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा आहे, पुण्याला असतो, दिवाळीला गावी येणार. सून म्हणते त्याला मोबाईल दाखवायचा नाही. चांगली गोष्ट आहे. पण मग मी त्याच्यासाठी काय आणून ठेवू? इथं बाजारात नुसती लाईट लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी आहेत. – एक आजी, औसा

उत्तर : आजी, सूनबाईंना तुमची साथ आहे हे वाचून फार बरं वाटलं. बाजारात जाऊच नका. एक स्टीलचा डबा घ्या, प्लास्टिकचं झाकण असलेला एक जुना डबा घ्या, झाकणाला मोठं भोक पाडून कडा घासून गुळगुळीत करा, आणि त्यातनं टाकायला मोठे लाकडी चमचे, कपडे वाळत घालायचे जुने लाकडी चिमटे (तार काढून टाकायची) ठेवा. या वयाला टाकायचं, काढायचं, परत टाकायचं याचंच वेड असतं. नऊ-दहा महिन्यांपासून अंगठा आणि पहिलं बोट जुळायला लागतं, जमिनीवरचा केस पण उचलतात बघा, आता त्या चिमटीला सोडायचं कसं ते शिकायचं असतं. धरण्यापेक्षा सोडणं अवघड. दोन ठोकळे एकावर एक ठेवले तर टाळ्या वाजवा, दीड वर्षाच्या पोराला तीन-चारचा मनोरा आला म्हणजे छान.

जत्रेतला लाकडी पांगुळगाडा मिळाला तर जरूर घ्या, धरून उभं राहायला, ढकलायला, चाकाशी खेळायला कामाला येतो. फक्त कुसळ कुठं निघालंय का ते हात फिरवून बघायचं, आणि रंग नखानं खरवडून निघत असेल तर नको, कारण हे सगळं तोंडात जाणार. दुकानातनं घेतलंच तर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. लहान वस्तूचं एक माप लक्षात ठेवा, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाच तुकडा सव्वा इंचाच्या भोकातनं जाता कामा नये, म्हणजे दहाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक. आणि ती लाईट लागणारी खेळणी आणू नका हे मी यासाठी पण सांगते की त्यात बटणासारखे चपटे सेल असतात, गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, तेव्हा वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, सगळं डाव्या हातानं करते. घरातले म्हणतात आत्ताच सवय मोडा. – एक वडील, नांदेड

उत्तर : मोडू नका. तो तिचा हात आहे, त्यात वाईट, अशुभ काही नाही. डाव्या हाताची कात्री मिळते ती आणा, नेहमीच्या कात्रीनं कागद कापत नाही आणि तिला वाटतं आपल्यालाच येत नाही. काळजी फक्त एका बाबतीत असते, एक वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा तसाच ठेवत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडं २२ मुलं, खेळणी निम्मी तुटलेली. दिवाळी झाली की त्यातली निम्मी मुलं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने येत नाहीत. परत आली की खडू पण धरत नाहीत, कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) हातात मोबाईल असतो नाहीतर काहीच नसतं. सोबत काय देता येईल? – धारूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. १९४५ साली लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ समुद्रकाठच्या बोर्डी गावाला गेल्या तेव्हा त्यांच्याही पुढं हाच प्रश्न होता, महागडं मॉन्टेसरी साहित्य गावात आणायचं कुठनं, मग त्यांनी शंख, शिंपले, बिया, माती, परिसरात जे मिळालं त्याचंच साहित्य केलं. आपल्याकडं समुद्र नाही पण काळी माती आहे. पोळ्याला बैल करता येतात तर बाकीच्या दिवसांत पण करता येतात, चूल, भाकरी, ट्रॅक्टर काहीही, आणि माती मळताना खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हात राबतो. घट्ट मळलेली माती जास्त कामाची, पाणी कमी घाला. कडब्याच्या धाटाची बैलगाडी तुम्ही लहानपणी केली असेल, भेंडाच्या (धाटातल्या मऊ गाभ्याच्या) तुकड्यात चिपाड (धाटाची कडक साल) खुपसून चाकं लावायची. चिपाड तुम्हीच सोलून द्या, त्याची धार ब्लेडसारखी असते.

सोबत द्यायला जुन्या साडीची एक-एक पिशवी शिवा. साडेतीन-चारच्या पुढच्यांच्या पिशवीत चार मोठी बटणं आणि एक जाड नाडी ओवायला (नाडीचं टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवून कडक करा), पाटीचा लहान तुकडा आणि खडू. खडू मुद्दाम अर्ध्या बोटाएवढा द्यायचा, तुकडा एवढा लहान असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटंच लागतात. पाच वर्षांच्याला भोवरा आणि त्याची जाळी म्हणजे दोरी, ती गुंडाळताना एक हात धरतो आणि दुसरा फिरवतो, दोन्ही हातांचं काम वेगळं. तीनच्या आतल्यांना यातलं काही नको, त्यांना चिंधीचा चेंडू आणि एकात एक बसणारे दोन-तीन प्लास्टिकचे पेले.

जायच्या आधी आयांना एकदा बोलवून पिशवीतली प्रत्येक वस्तू हातात देऊन दाखवा, त्यांनी स्वतः नाडीत बटणं ओवून बघितली पाहिजेत. पहाटेपासून फडात राबून आलेल्या बाईला वेगळा वेळ काढा म्हणणं मला जमणार नाही. पण थोरल्या बहिणीला सांगता येईल, बहुतेक ठिकाणी धाकट्याला तीच सांभाळते, तिला पण एक पिशवी द्या, तिच्या नावाची.