खलनायक मेला, साहेब सुटले

प्रश्न : 'ट्रेनिंग डे' हा २००१ सालचा इंग्रजी चित्रपट आम्ही मित्रांनी नुकताच पाहिला. लॉस एंजेलिसच्या अमली पदार्थविरोधी पथकातील भ्रष्ट अधिकारी अलोन्झो आणि त्याच्या हाताखाली पहिल्याच दिवशी दाखल झालेला तरुण जेक यांची ही गोष्ट बराच वेळ जागचे हलू देत नाही. शेवट मात्र मला फुसका वाटला. मित्र म्हणतात, खलनायकाला केलेल्या कर्माचे फळ मिळाले, मग तक्रार कसली? आपले मत कळवावे. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : तक्रार रास्त आहे. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे वाचू नये.) सकाळी ज्या मुलीला जेक वाचवतो, ती नेमकी त्याच्या मारेकऱ्याची नातलग निघते आणि त्याचा जीव वाचतो, या योगायोगावर अनेकांचा रोष असतो; मला तो खपतो, कारण त्याची पेरणी सकाळीच झालेली आहे. खरी पडझड त्यानंतरची आहे. दुपारी अलोन्झो तीन बड्या साहेबांच्या पंगतीला बसून त्यांची मूक संमती मिळवतो, पैसे मोजून वॉरंट मिळवतो आणि त्याच वॉरंटच्या आडोशाने जुन्या मित्राच्या घरातील रोकड उकरून त्याला ठार करतो. हप्ता घेणाऱ्याच्या खिशात तो सगळाच राहत नाही, हे अमळनेरच्या बसस्थानकावर चहा पिणाऱ्यालाही ठाऊक असते आणि त्या प्रसंगात चित्रपटानेही ते नेमके पकडले होते. पुढे मात्र ते तिघे जणू हवेत विरतात. उरते ती दोघांची हाणामारी, आणि मग अलोन्झोला मारायला येतात ते रशियन गुंड, म्हणजे पोलीस खात्याशी ज्यांचा काही संबंध नाही असे लोक. ज्या व्यवस्थेने त्याला पोसले, तिच्या केसालाही धक्का लागत नाही.

गंमत अशी की खरा शेवट चित्रपटातच आहे. जेक घरी परततो तेव्हा बातमीत सांगितले जाते की, धोकादायक वॉरंट बजावताना अलोन्झोला मृत्यू आला. चोराचा एका रात्रीत हुतात्मा झाला! यावर चित्रपट क्षणभर थांबला असता, तर तुमच्या मित्रांनाही घास गिळणे जड गेले असते; पण दिग्दर्शक अँटवान फुक्वा यांनी ही बातमी कडेला ऐकू येणाऱ्या आवाजाइतकीच ठेवली. डेंझेल वॉशिंग्टन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले ते योग्यच झाले, तरी त्यांच्या अभिनयाच्या जोरावर ही त्रुटी झाकली गेली, असे मला वाटते.

गोविंद निहलानी यांचा १९८३ सालचा 'अर्धसत्य' मित्रांसह अवश्य पाहावा. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. तेथेही खलनायक, म्हणजे गुंड रामा शेट्टी, मरतो. परंतु ओम पुरी यांनी रंगवलेल्या वेलणकर या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून आधीच कोठडीत एका संशयिताचा जीव गेलेला असतो, त्यातून सुटण्यासाठी तो रामा शेट्टीच्याच दारात जातो, आणि त्याचा गळा दाबल्यावर स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होतो. या मरणाने कोणाचेही समाधान होत नाही, प्रेक्षकाचे तर नाहीच.