संस्थांना श्रेणी आहे, क्रमवारी आहे. मग देशाच्या उच्च शिक्षणाचं मूल्यमापन अजून कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की नॅक (महाविद्यालयं-विद्यापीठं तपासणारी राष्ट्रीय परिषद) श्रेणी देते, एनआयआरएफ (केंद्र सरकारची क्रमवारी यंत्रणा) दरवर्षी क्रमवारी लावते, तरीही ‘देशाचं उच्च शिक्षण सुधारतंय की बिघडतंय’ याचं सरळ उत्तर कोणी का देत नाही, आणि असं मूल्यमापन करतात तरी कसं.

मी काही वर्षं शिकवता शिकवता एका महाविद्यालयात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम पाहिलं आहे. म्हणजे हे आकडे जिथे जन्माला येतात त्या टेबलावर बसले आहे. त्यामुळे माझं मत थोडं तिरकस असेल, तेवढं समजून घ्या.

श्रेणी संस्थेला मिळते आणि तुम्ही विचारताय व्यवस्थेबद्दल. समजा देशातल्या प्रत्येक महाविद्यालयाला उत्तम श्रेणी मिळाली, पण एखाद्या भागात बारावीनंतर जायला महाविद्यालयच नाही. घरी बसलेली ती मुलं कुठल्याच संस्थेच्या अहवालात येणार नाहीत. क्रमवारीचं तर आणखी गमतीशीर आहे. सगळ्या संस्था एकदम घसरल्या तरी पहिला नंबर कोणाचा तरी येतोच! 2016 पासून याद्या लागताहेत. त्यावरून कोण कोणाच्या पुढे आहे हे कळतं, पण सगळे मिळून कुठे चाललेत हे कळत नाही.

व्यवस्थेकडे बघायचं तर आपल्याकडे ‘आयशे’ आहे, म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण. ते 2010-11 पासून चालू आहे आणि माझ्या मते नॅकपेक्षा जास्त मोलाचं आहे, जरी त्याची बातमी एक दिवसच टिकते. बातमीत येतो तो आकडा म्हणजे सकल नोंदणी गुणोत्तर : 18 ते 23 वयोगटातल्या लोकसंख्येच्या तुलनेत किती जण उच्च शिक्षणात नाव नोंदवून आहेत. 2021-22 साली ते 28.4 टक्के होतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 2035 पर्यंत ते 50 टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट आहे.

आता या एका आकड्याच्या पोटात शिरू, कारण खरी मजा तिथेच आहे.

2019-20 च्या अहवालात हे गुणोत्तर 27.1 छापलं होतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच 2019-20 सालासाठी 25.6 दिलं गेलं. विद्यार्थी तेच, महाविद्यालयं तीच. बदलला तो छेद. आधी 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येचा अंदाज 2001 च्या जनगणनेवरून बांधला होता, नंतर 2011 च्या. यात लबाडी नाही, सुधारणाच आहे. पण जुना अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून कोणी ‘प्रगती’ मोजू लागला तर तो फसणार. म्हणून कुठलाही टक्का दिसला की मी आधी विचारते, छेदात कोण आहे?

राज्यांच्या तुलनेतही हाच घोळ. 2021-22 साली तमिळनाडूचं गुणोत्तर 47 आणि बिहारचं 17.1. हा फरक खरा आहे, मोठा आहे. पण बिहारचा जो मुलगा दिल्लीत शिकतो तो दिल्लीच्या अंशात मोजला जातो, आणि त्याच्या वयाची गणती मात्र मोठ्या प्रमाणात बिहारच्या छेदात राहते. चंदीगडचा आकडा साठच्या वर जातो त्यात बाहेरून येणाऱ्या मुलांचा वाटा मोठा आहे.

आणि हे गुणोत्तर शंभराच्या वरही जाऊ शकतं. ग्रीसमध्ये तसं आहे. तिथे शंभर टक्क्यांहून जास्त तरुण शिकताहेत असा त्याचा अर्थ नाही. पदवीची वर्षं उलटून गेली तरी अनेकांची नावं पटावर तशीच राहतात, वय सरलेलेही अंशात येतात आणि आकडा फुगतो. म्हणजे नीट विचार केला तर मुलं जितकी रखडतील तितकं गुणोत्तर चांगलं दिसेल! वेळेवर पास होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पट कमी करतो. या एका मापावर देशाची प्रगती तोलायची म्हणजे दवाखान्यात किती खाटा भरल्या आहेत यावरून लोकांची तब्येत ठरवण्यासारखं आहे.

तेव्हा माझं मुख्य म्हणणं हे : व्यवस्था मोजायची तर संस्थेचा नव्हे, विद्यार्थ्याचा माग काढावा लागतो. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जण पूर्ण करून बाहेर पडले, किती वर्षांत, आणि कोण मध्येच गळाले. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे प्रथम वर्षाच्या वर्गातल्या काही मुली द्वितीय वर्षाला दिसायच्या नाहीत. दुसऱ्या महाविद्यालयात गेल्या, फी जमली नाही, की लग्न झालं? आम्ही माहिती भरायचो त्या आयशेच्या पोर्टलवर त्यासाठी रकानाच नव्हता. ठरलेल्या तारखेला पटावर किती, एवढंच भरायचं. पट भरला की आमचं काम संपलं.

अमेरिकेने हा माग काढायचा प्रयत्न फार आधी केला. 1990 च्या एका कायद्याने महाविद्यालयांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करायला लावलं, ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत. पण मोजले फक्त पहिल्यांदाच प्रवेश घेणारे पूर्णवेळ विद्यार्थी. नोकरी करून शिकणारे, दुसरीकडून बदलून आलेले, सगळे वगळले. त्यांच्यासाठी वेगळी मोजणी बऱ्याच वर्षांनी जोडली गेली. पुन्हा छेदच.

मुलं शिकली काय, हे मोजणं सगळ्यात अवघड. ब्राझीलमध्ये 2004 पासून एनाजी नावाची राष्ट्रीय परीक्षा आहे. पदवी हवी तर बसावं लागतं, पण गुण विद्यार्थ्याच्या पदवीला लागत नाहीत, अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाला लागतात. मग काही विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून कोरे पेपर दिले आणि त्याचा फटका त्यांच्याच विभागाला बसला. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने अहेलो नावाने देशोदेशींच्या पदवीधरांची तुलना करून पाहिली, पण चाचणी टप्प्यापुढे गाडी गेली नाही.

नोकरीचे आकडे बघताना कधी विचारलं ते तपासा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर सहा महिन्यांनी विचारायचे, आता पंधरा महिन्यांनी विचारतात. इटलीत आल्मालाउरेआ ही विद्यापीठांची संस्था एक, तीन आणि पाच वर्षांनी विचारते, मला ती पद्धत पटते. आपल्याकडच्या ‘प्लेसमेंट’च्या फलकावर काय लिहिलेलं असतं त्यावर मी बोलत नाही.

संशोधनाबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात निधीचा काही भाग प्रकाशनांच्या संख्येवर ठरू लागला. नंतर एका अभ्यासात दिसलं की लेख वाढले, पण ते जास्त करून कमी प्रभावाच्या नियतकालिकांत. पुढे दुसऱ्या संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद अजून मिटलेला नाही. तरी मोजलं तसं वागणं बदलतं, हे मी टेबलावर बसून पाहिलंय. नॅकची भेट देणारी समिती येणार म्हटलं की अर्धं वर्ष फायली तयार करण्यात जातं, आणि ज्या प्राध्यापकांची पदं रिकामी आहेत त्यांची कामंही त्या फायलींत झालेली दिसतात.

तुम्हाला स्वतःला पडताळून पाहायचं असेल तर आयशेच्या अहवालात नोंदणीचा एक तक्ता असतो आणि उत्तीर्णांचा एक. तीन वर्षांचा एखादा पदवी अभ्यासक्रम घ्या. सगळे वेळेवर पुढे सरकले तर एका वर्षात उत्तीर्ण होणारे एकूण पटाच्या साधारण एक तृतीयांश असायला हवेत. प्रवेश वाढत असतील तर थोडे कमी. हे ढोबळ गणित आहे, कारण दोन्ही तक्त्यांतली मुलं तीच नसतात. पण आलेला आकडा एक तृतीयांशाच्या किती खाली आहे ते बघा, मग राज्यानुसार आणि मुलामुलींनुसार तेच करून बघा.