४के असूनही चित्र गढूळ का?

प्रश्न : माझ्याकडे दोन तासांच्या एकाच चित्रपटाच्या दोन फाइल आहेत. एक ४के, एच.२६५ मधली, ४ जीबीची. दुसरी १०८०पी, एच.२६४ मधली, १० जीबीची. मोठ्या टीव्हीवर पहिलीत अंधाऱ्या प्रसंगांत चौकटी आणि आकाशात पट्टे दिसतात. दुसरीत दिसत नाहीत. असे का? जागा वाचवण्यासाठी जुना संग्रह एच.२६५ मध्ये बदलून घ्यावा का?

उत्तर : एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती आहेत. ४के हा आकडा चित्रात किती बिंदू आहेत एवढेच सांगतो; त्या बिंदूंच्या वाट्याला माहिती किती आली, हे बिटरेटवरून, म्हणजे दर सेकंदाला साठवलेल्या माहितीवरून, कळते. आपल्या पहिल्या फाइलचा सरासरी बिटरेट, आवाज धरूनही, सेकंदाला जेमतेम ४.४ मेगाबिट पडतो आणि दुसरीचा सुमारे ११. त्यातच ४के चित्रात साधारण ८३ लाख बिंदू असतात, म्हणजे १०८०पीच्या चौपट. त्यामुळे पहिल्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला दुसरीच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. २०१३ साली आलेले एच.२६५ हे २००३ च्या एच.२६४ पेक्षा बरेच काटकसरी आहे आणि तेवढ्याच दर्जासाठी त्याला ढोबळमानाने निम्मा बिटरेट पुरतो, हे खरे. पण दहापटीची तूट दुपटीच्या काटकसरीने भरून निघत नाही.

ही तूट अंधारात आधी उघडी पडते, कारण काळ्या-करड्या छटांमधले बारीक फरक डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे गृहीत धरून एन्कोडर (व्हिडिओ दाबणारी प्रणाली) तिथेच कात्री लावतो, आणि अंधाऱ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर ते नेमके जाणवतात. आकाशातल्या पट्ट्यांचेही मूळ बहुधा हेच आहे. ८ बिट चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि त्यांच्या कडा एरवी फिल्मच्या बारीक रव्याखाली (चित्रभर पसरलेल्या कणांखाली) झाकल्या जातात. कमी बिटरेटमध्ये तो रवाच पुसला जातो. १० बिटमध्ये पायऱ्या १०२४ होतात, म्हणून एच.२६५ फाइल घ्यायचीच तर १० बिटची घ्यावी. (रवा ‘साफ’ केलेल्या प्रतींचे कौतुक मला कधीच कळलेले नाही; त्यात चेहरे मेणाचे दिसतात.)

संग्रह मात्र बदलू नये. एच.२६४ करताना जे गेले ते परत येत नाही, आणि पुन्हा एन्कोड करताना जुने दोषही चित्राचाच भाग समजून जपले जातात. मूळ ब्लू-रे हाताशी असेल, तर त्यावरून नवी प्रत काढणे योग्य. फाइल एमकेव्ही की एमपी४ याची चिंता नको, ती आतला व्हिडिओ ठेवणारी केवळ वेष्टने आहेत. २०१८ चे एव्ही१ हे व्हिडिओ दाबण्याचे नवे तंत्र आणखी काटकसरी आहे, परंतु आपल्या टीव्हीच्या चिपमध्ये त्याचा डिकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) नसेल तर फाइल अडखळेल किंवा उघडणारच नाही. तेव्हा आधी एखादी लहान फाइल लावून पाहावी.