डिझेल ऑटोमॅटिक खडखडते, मिस्त्री म्हणते फ्लायव्हील गेलं

प्रश्न (वरुड तालुक्यातून, संत्र्याचे व्यापारी): नमस्कार भाऊ, माह्याकडे सेकंडहँड घेतलेली डिझेल कार आहे, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, १ लाख १० हजार किमी झाली. सकाळी थंडी असते तेव्हा काहीच आवाज नाही पण नागपूरच्या मार्केटले जाऊन आलो अन् गाडी पी मध्ये उभी केली की खालून अशी खडखड येते जसे डब्यात छर्रे टाकले, अन् बंद करतानी पूर्ण गाडी हादरते. एका मिस्त्रीनं बोनेटबी उघडलं नाही, आवाज आयकला अन् म्हणे फ्लायव्हील गेलं, गिअरबॉक्स उतरवा लागते. दुसरा म्हणते माउंटिंग आहे, इंजिन ज्या रबरावर बसते ते. खर्चाचा आकडा आयकून डोकं गरगरून राह्यलं. कोनाचं आयकू?

उत्तर: सध्या दोघायचंही आयकू नका. पहिला मिस्त्री खरा निघू शकते, पण न तपासता सांगितलं म्हणून त्याच्या बोलण्यावर गिअरबॉक्स खोलायचा नाही, कारण एकदा तो खाली आला की मजुरी द्यावीच लागते, फ्लायव्हील चांगलं निघालं तरी.

तुमच्या गाडीत जे आहे ते ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे एका ऐवजी दोन जड चकत्या, एक इंजिनच्या क्रँकले बोल्टनं बसवलेली, दुसरी क्लचकडची, आणि मधात लांब वाकड्या स्प्रिंगा ग्रीसमध्ये भिजलेल्या. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन ८०० आरपीएमवर आयडल असलं तरी सेकंदाले २६-२७ धक्के मारते, ते धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ह्या स्प्रिंगा. त्या ढिल्या पडल्या, ग्रीस बाहेर फेकल्या गेलं, की दोन्ही चकत्या एकमेकीवर आपटतात आणि तुम्हाला खडखड ऐकू येते. त्यात ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल-डिझेल वाचवायले लवकर वरचा गिअर टाकते, म्हणून संत्र्याच्या क्रेट भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं मागं कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून गाडी रेटत नेली की सगळा जोर ह्याच स्प्रिंगांवर येते. मॅन्युअल मोड असेल तर अशा वेळी एक गिअर खाली घ्या.

आता तपासणी. गाडी चांगली गरम झाली की सपाट जागेवर पी मध्ये ठेवा, एसी बंद, बोनेट उघडा. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक आधी अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करते तो) बॉडीवर, मग इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या घंटेसारख्या भागावर, आणि मूठ कानाच्या हाडाले टेकवा (फिरता बेल्ट अन् पंखा जपून, शर्टाची बाही, गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा). आवाज जिथं मोठा तिथं मूळ, निदान बहुतेक वेळा. अल्टरनेटरजवळ मोठा असेल तर आनंद माना. डिझेलच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरले फ्रीव्हील पुली (एकाच दिशेनं पकडणारी बेल्टची चाकी) असते, ती बिघडली की आयडलले आणि बंद करतानी हुबेहूब फ्लायव्हीलसारखीच खडखडते. पक्कं करायचं तर गाडी गरम होऊन आवाज येत असतानाच इंजिन बंद करून मिस्त्रीकडून बेल्ट काढून घ्या (गरम भाग जपून) अन् अर्धा मिनिटच सुरू करून पाहा, आवाज गायब झाला तर फ्लायव्हील नाही, पुली किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आहे, गिअरबॉक्स जागेवर राहू द्या.

बंद करतानी हादरते म्हणता, त्याचं अजून एक कारण असते जे कोणी सांगतच नाही. डिझेल इंजिन किल्ली बंद केली की हवेच्या तोंडावरची एक फ्लॅप लागते, म्हणजे इंजिन झटक्यात न थांबता शांत थांबते. ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) काजळीनं ही फ्लॅप जाम झाली की गाडी बंद होतानी गदागदा हलते. साफसफाईचं काम आहे, काही हजारात निपटते कधी कधी त्याहूनही कमी. माउंटिंग पाहायचं तर चाकाले दगड लावा, हँडब्रेक, पायाचा ब्रेक दाबून डी आणि आर टाकत राहा, आणि एकानं बाजूले उभं राहून इंजिन किती डोलते ते पाहावं. गाडीच्या समोर कोणी उभं राहू नका, ऑटोमॅटिक आहे, ब्रेकवरून पाय सरकला की आली अंगावर.

मग स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरले जोडायचं मशीन. स्कॅनरमध्ये आयडलले प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरचं करेक्शन दिसते, म्हणजे कॉम्प्युटर कोणत्या सिलिंडरले डिझेल किती कमी-जास्त करून देते तो आकडा. एकाचा आकडा बाकीच्या तिघांहून बराच वेगळा असेल तर इंजिनच लंगडून राह्यलं, आणि हे दुरुस्त न करता नवीन फ्लायव्हील टाकलं तर तेही लवकरच जाते. मले वाटते लोक सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया घालवतात.

एक गोष्ट अजून, तुमच्या सात गिअरवालीत ड्राय क्लच (तेलात न बुडलेला) असेल तर लागू. खड्ड्यातून, गिट्टीच्या रस्त्यावरून जातानी खडखड येत असेल तर तो गिअरबॉक्स-क्लचचा किंवा सस्पेन्शनचा आवाज असू शकते. फ्लायव्हीलची खडखड इंजिनच्या आरपीएमशी बांधलेली असते, रेस दिली की बदलते, खड्ड्याशी तिचं देणंघेणं नाही.

हे सगळं निघून गेलं, आवाज घंटेतूनच येते, सेल्फ मारतानीही खणखणते किंवा तिथल्या छोट्या झाकणातून धातूची भुकटी, ग्रीसचे शिंतोडे दिसतात, तर मग उतरवा गिअरबॉक्स. पण म्हणा, खोलल्यावर मले बोलवा. हातानं दुसरी चकती फिरवून, हलवून पाहावी लागते, थोडा खेळ तर नव्यातही असते, किती चालते ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असते, अंदाजपंचे नाही. आकडा मागा त्याले. फ्लायव्हील लेथवर घासून देतो म्हणणाऱ्याले नमस्कार करा. सिंगल मास (एकाच चकतीचं, स्प्रिंगा नसलेलं) बसवतो, स्वस्तात होते म्हणणाऱ्यालेही, कारण ते धक्के मग गिअरबॉक्सच खाईल. बोल्ट नवीनच, क्लच पॅक किती झिजला तेही तेव्हाच पाहा, आणि शेवटी स्कॅनरनं क्लचचं अॅडाप्टेशन (क्लच कुठं पकडते ते कॉम्प्युटरले नव्यानं शिकवणं) करून घ्या नाही तं गाडी झटके देईल अन् तुम्ही पुन्हा मले पत्र लिहाल.

प्रश्न (पुसदहून): माही डिझेल एसयूव्ही टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर देणारी ऑटोमॅटिक. ५५-६० च्या स्पीडनं एकसारखी चालली की थरथरते, मिस्त्री म्हणते फ्लायव्हील.

उत्तर: तुमच्या टाइपच्या बहुतेक गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील नसतेच, इंजिन अन् कन्व्हर्टर जोडणारी पातळशी पत्र्याची फ्लेक्सप्लेट असते (काही महागड्या डिझेल गाड्या सोडून). एकसारख्या स्पीडवरची थरथर ही लॉक-अप क्लचची (कन्व्हर्टरच्या आतला, इंजिन अन् गिअरबॉक्सले थेट जोडणारा) असते बरेचदा. मोकळा, सरळ रस्ता पाहून थरथर सुरू झाली की अॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलले नुसता पाय टेकवा, ब्रेक लाइट लागण्याइतका. त्यानं लॉक-अप सुटते, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष तिथंच. पहिले गिअरबॉक्सचं तेल बदला, लाइफटाइम ऑइल वगैरे म्हणतेत ते आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी नाही. हां, उभ्या गाडीत आयडलले टकटक येते आणि डी टाकला की बदलते असं असेल तर फ्लेक्सप्लेट तडकली का, बोल्ट ढिले का ते पाहायले सांगा.

प्रश्न (दारव्हा): फ्लायव्हील खराब आहे हे पक्कं झालं, पण कापूस विकल्यावरच पैसे हाती येतील. तोवर चालवू काय?

उत्तर: नुसता आवाज असेल तर हळू, जपून, लांबचा प्रवास टाळून चालवता येते. पण सेल्फ घासायला लागला, चालतानी जोराचे हादरे यायला लागले की त्याच दिवशी थांबा, तुटलेला तुकडा फिरत राहिला तर घंटा फोडून टाकते, मग क्लच-गिअरबॉक्स सगळंच आलं. आणि ऑटोमॅटिकले ट्रॅक्टरनं टोचन करून नेऊ नका, फ्लॅटबेड बोलवा, दारव्ह्याहून यवतमाळ काही फार लांब नाही.