गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, प्लग मारू का? आणि दरवर्षी सर्व्हिसिंग खरंच लागतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. २५ लिटरच्या गिझरखालचा व्हॉल्व्ह ठिबकतो आणि प्लंबर म्हणतो प्लग (बूच) मारून टाकू, तर मारू द्यायचा का? आणि गिझर व्यवस्थित चालत असताना दरवर्षी उघडायचा कशाला? पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नाही. प्लंबर कितीही ओळखीचा असला तरी नाही. दुसऱ्याला थोडी लांबण लागेल. बरीच वर्षं याच टाक्या उघडतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर नेलं तर ते साधारण पावणेदोन टक्क्यांनी वाढतं. ऐकायला किरकोळ, पण तुमच्या टाकीत ते ४०० मिलीच्या घरात जातं, म्हणजे दोन फुलपात्री भरून. भरलेल्या टाकीत त्याला जागा नाही, आणि इनलेटच्या त्याच व्हॉल्व्हमध्ये एक झडप असते, ती गरम पाणी उलटं थंड लाइनमध्ये जाऊ देत नाही. मग जास्तीचं पाणी जाणार कुठे? दाब वाढतो, व्हॉल्व्हवर लिहिलेल्या आकड्याशी (बहुतेकांवर ८ बार किंवा ०.८ एमपीए असतं, दोन्ही दाबाची एककं) पोचला की आतली स्प्रिंग दबते आणि थेंब बाहेर पडतो. तो गळत नाहीये, काम करतोय.

प्लग मारला तर काय होतं ते एका घरी पाहिलंय. व्हॉल्व्हच्या तोंडात टेफ्लॉन टेप गुंडाळून स्क्रू घट्ट बसवलेला. थर्मोस्टॅट आणि कट-आउट (फार तापलं तर वीज तोडणारा) दोन्ही शाबूत, म्हणजे पाणी कधी उकळलंही नसेल. नुसत्या रोजच्या फुगण्याने टाकीचा तळ थाळीसारखा बाहेर आला होता, आतलं एनॅमलचं आवरण तडकलं होतं आणि वेल्डिंगच्या जोडातून गंजाचं पाणी झिरपत होतं. हे झालं सौम्य प्रकरण. थर्मोस्टॅट चिकटला आणि कट-आउटही गेला, तर बंद टाकीतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बार दाबाखाली ते १७० अंशांच्याही पुढे पाणीच राहतं. अशा वेळी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. भिंत सांभाळून घेईल अशी ती गोष्ट नाही.

आता तुमचं ठिबकणं चांगलं की वाईट, ते ओळखायला व्हॉल्व्हच्या नळीखाली एक रिकामी बाटली टांगा. गिझर तापतानाच थेंब पडतात, नंतर थांबतात आणि बाटलीत थोडंच पाणी जमतं: सगळं ठीक, नळी मोरीपर्यंत न्या आणि विसरून जा. (नळीचं तोंड उघडं, उताराकडे हवं. तिला कुठेही नळ किंवा बूच लावायचं नाही.) गिझर बंद असतानाही रात्रंदिवस ठिबकत असेल तर बहुधा व्हॉल्व्हच्या सीटवर (तो बंद होऊन टेकतो त्या जागी) क्षाराचा कण अडकलाय. खाली बादली धरून त्याची कळ चार-पाच वेळा उचला, पाणी जोरात जाऊ द्या, कण निघून जातो. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. नवीनही तसाच गळला तर दोष येणाऱ्या पाण्याच्या दाबात आहे. प्रेशर पंप लावलेल्या घरांत हे हमखास दिसतं. तिथे इनलेटआधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालावा लागतो. आणि कडकडीत गरम पाणी किंवा वाफ सुसाट येत असेल, तर तपासत बसू नका, एमसीबी पाडा. थर्मोस्टॅट गेलाय.

उलट प्रकारही सांगतो, कारण त्याची तक्रार कोणी करत नाही. व्हॉल्व्ह कधीच ठिबकत नाही म्हणून लोक खूश असतात. अशा घरी शेजारचा थंड पाण्याचा नळ सोडून बघा. सुरुवातीला कोमट पाणी आलं तर झडप निकामी आहे आणि फुगलेलं पाणी मागे जातंय. थंड आलं तर कदाचित व्हॉल्व्हच जाम झालाय. म्हणून दर सहा महिन्यांनी कळ उचलून पाहायची.

१५०-३०० लिटरच्या मोठ्या सिलिंडरला फुगलेलं पाणी घ्यायला वेगळं एक्स्पान्शन व्हेसल असतं, आत रबरी पडदा, एका बाजूला हवा. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबली की हवा यायला हवी. पाणी आलं तर पडदा फाटला. हवा भरायची तर पाण्याच्या बाजूचा दाब आधी शून्यावर आणून, आणि प्लेटवर लिहिलंय तेवढीच. हे काम मात्र शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आता सर्व्हिसिंग. माझ्या मते त्यातलं निम्मं मोल एका कांडीचं आहे, जिचं नावही ग्राहकाला माहीत नसतं: अ‍ॅनोड रॉड. पोलादी टाकीला आतून काचेसारखं एनॅमल असतं, पण त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथे पोलाद गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी आत लटकवतात. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजतं, आणि ते शिल्लक आहे तोवर टाकी वाचते. नवी कांडी अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत असते. पाच वर्षं न उघडलेल्या टाकीतून काढली तर हातात येते एक गंजकी तार आणि तिला चिकटलेले पांढरे, भुसभुशीत गोळे. त्यानंतर टाकीच कांडीचं काम करते. टाकीच गळायला लागली तर तिला दुरुस्ती नाही, वेल्डिंग केलं की त्या भागातलं एनॅमल जळतं. म्हणून एका वर्षाने पहिल्यांदा उघडा, कांडी किती झिजलीय पाहा आणि पुढचं अंतर त्यावरून ठरवा. निम्मी गेली की बदला. तांब्याच्या टाक्यांत बहुधा ही कांडी नसते.

कॉइलवरचा क्षार तुम्हाला आवाजावरून कळेल. तापताना गिझर तडतडत असेल तर थराखाली अडकलेलं पाणी उकळतंय. कॉइल बाहेर काढून कोमट पाण्यात लिंबूफूल घालून बुडवून ठेवा, थर मऊ होतो, मग लाकडी पट्टीने सोडवा. फरशीचं अ‍ॅसिड वापरू नका, ते कॉइलचं आवरण खातं. टाकीच्या आत धातूची पट्टी घालू नका. आणि जोडातली जुनी रबरी गॅस्केट पुन्हा बसवून पैसे वाचत नाहीत, दोन दिवसांत पाणी वायरिंगवर येतं. कॉइल परत लावताना इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून घ्या.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्यापेक्षा वर क्षार भराभर साचतो. फार खाली, ४५ अंशांच्या आत, लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर नळाशी गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवा.

उघडण्याचा क्रम चुकवू नका: एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, पाणी निवू द्या, इनलेट बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग कळ उचलून टाकी रिकामी करा. भरताना उलट: गरम नळ उघडा ठेवून इनलेट सोडा, नळातून फुसफुस न होता सलग धार आली की मगच वीज. कोरड्या टाकीत चालू केलेली कॉइल मिनिटभरातही जळू शकते.

दोन आठवड्यांहून जास्त गिझर बंद राहिला असेल, तर चालू करण्याआधी गरम नळ एक-दोन मिनिटं सोडा. कांडीच्या झिजण्यातून हायड्रोजन तयार होऊन वर साचलेला असू शकतो. तेवढा वेळ जवळपास काडी ओढू नका.