आईला अंडाशयाचा कॅन्सर झाला, आता माझं काय?

कोथरूडच्या ३६ वर्षांच्या ताई. आईवर हाय ग्रेड सीरस कॅन्सरचे (अंडाशयाच्या कॅन्सरचा वेगाने वाढणारा प्रकार) उपचार चालू, आणि ताईंचा स्वतःचा सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) आला ४८. लॅबच्या कागदावर ३५ ही मर्यादा, त्यामुळे झोप उडालेली.

रक्त कधी दिलं, हे आधी विचारलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी! पाळीत हा आकडा वाढतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीचं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भपिशवीच्या साध्या गाठी), पोटाचा टीबी यांतही वाढतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत तो नॉर्मल असतो. सोनोग्राफी स्वच्छ होती, पाळीनंतर पुन्हा केलेली तपासणी २२ आली.

"मग दरवर्षी दोन्ही करत राहते." हे जवळपास सगळ्याच म्हणतात. ब्रिटनमध्ये पाळी थांबलेल्या दोन लाखांवर बायकांना घेऊन अशा दरवर्षीच्या तपासण्यांचा उपयोग होतो का, हे पाहिलं गेलं. २०२१च्या निष्कर्षानुसार मृत्यू कमी झाले नाहीत. पैसे गेले तर गेले, पण खोटा धीर महागात पडतो.

खरं काम आईच्या रक्तापासून सुरू होतं. बीआरसीए-१ आणि २ ही दोन जनुकं; त्यांत दोष असला तर अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. आईची बीआरसीए चाचणी न करता मुलीची केली आणि ती निगेटिव्ह आली, तर त्यातून फारसं काही कळत नाही; आईतला दोष दुसऱ्याच जनुकात असू शकतो. आईच्या अहवालात बीआरसीए-१ मधला दोष सापडला. मग ताईंची फक्त तेवढ्याच दोषाची चाचणी, शक्यता निम्मी-निम्मी. ती पॉझिटिव्ह आली. (अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहून आला, तर केवळ त्यावर ऑपरेशन ठरवायचं नसतं.)

बीआरसीए-१ मध्ये आयुष्यभरात शंभरातल्या साधारण ४० ते ६० जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. म्हणून मुलं झाल्यावर, ३५ ते ४०च्या दरम्यान, दोन्ही अंडाशय आणि दोन्ही गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. "मावशीची पिशवी काढलीय, ती सुटली ना?" नाही. नुसती गर्भपिशवी काढली तर अंडाशय आत राहतात. जुने ऑपरेशनचे कागद बघावे लागतात. काढलेल्या नलिकांचे बारीक काप करून तपासा, असं पॅथॉलॉजीला लिहून द्यावं, कारण यातले बरेच कॅन्सर नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात. पाळी एकदम बंद होते. घाम, हाडं, हार्मोनच्या गोळ्या यांबद्दल ऑपरेशनआधीच बोलायचं. स्तनांचा एमआरआय वेगळा, दरवर्षी.

ताईंना दुसरं मूल हवंय, तेव्हा ऑपरेशनची तारीख नंतर. धाकट्या भावालाही चाचणीला बोलावलंय. दोष त्याच्यातही असू शकतो, आणि त्याला दोन मुली आहेत.